२०१५: कानांनी निवडलेली यादी

मराठी सिनेमाचं आवडतं वर्ष विचारलं की बहुतेकांच्या तोंडून ‘सैराट’मुळे २०१६ येतं. माझं मत २०१५ला. त्या वर्षीचे माझे लाडके सिनेमे डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त बघायचे आहेत, आणि यादीही त्याच कसोटीवर लावली आहे. हिशोब थिएटरमधल्या प्रदर्शनाचा. ‘कोर्ट’ आणि ‘किल्ला’ २०१४मध्येच परदेशी महोत्सवांत गाजले, दोघांना राष्ट्रीय पुरस्कारही २०१४च्या खात्यात मिळाले, म्हणून काही याद्यांत ते आदल्या वर्षात सापडतात. पण आपल्याकडे ‘कोर्ट’ लागला १७ एप्रिल २०१५ला आणि ‘किल्ला’ २६ जूनला.

पहिला नंबर ‘कोर्ट’, यावर वाद घालायचा असेल तर कमेंटमध्ये या. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला मोठा सिनेमा. एका सफाई कामगाराचा मॅनहोलमध्ये मृत्यू होतो आणि त्याला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप लोकशाहीर नारायण कांबळेवर येतो, कारण काय, तर त्याने तसं गाणं म्हटलं. गाण्यांमागे संभाजी भगत आहेत, कांबळे झालेत वीरा साथीदार. पण कान द्यायचा तो शाहिरीपेक्षा कोर्टातल्या डिक्टेशनला. साक्षीदार आपल्या भाषेत काहीतरी सांगतो, वकील त्याला फाटे फोडतो, आणि मग न्यायाधीश सदावर्ते त्यातलं आपल्याला हवं तेवढं कोरड्या इंग्रजीत टायपिस्टला सांगतात. कागदावर जातो तो हा तिसरा आवाज. माणूस काय बोलला आणि नोंद काय झाली, यातलं अंतर प्रत्येक साक्षीत मोजत बसा, सिनेमा तिथे आहे. मृताची बायको साक्षीला येते तेव्हा हे सगळ्यात जास्त टोचतं. गटारातून झुरळ बाहेर आलं की आत हवा आहे असं समजून नवरा उतरायचा, हे ती भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात सांगते. पार्श्वसंगीताचा एक सूर नाही.

‘संथ आहे’ ही नेहमीची तक्रार. कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि कोण बोलतंय त्याच्या तोंडावर जात नाही, म्हणून तसं वाटतं. आपल्याला मालिकांनी सवय लावली आहे, एक वाक्य आणि तीन चेहरे. इथे फ्रेममध्ये कुठे बघायचं ते आपणच ठरवायचं: मागच्या बाकावरचे पक्षकार, फायलींचे गठ्ठे, पुढच्या केसची वाट बघणारी माणसं. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी, काय बाई आहे!) लोकलमध्ये ऑलिव्ह ऑइलवर गप्पा मारते, तोही प्रसंग वगळू नका. कायद्याचं कलम वाचणारा तिचा एकसुरी आवाज आणि हा घरगुती आवाज शेजारी ठेवून ऐका. शेवटी कोर्टाचे दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो. तिथे उठलात तर चुकलात, अजून न्यायाधीशांच्या सुट्टीचा प्रसंग बाकी आहे.

‘किल्ला’ दुसरा. दिग्दर्शक अविनाश अरुण स्वतःच छायालेखक, म्हणून सगळे पावसाचं आणि हिरवाईचं कौतुक करून थांबतात. मला त्यातली अबोला धरलेली दृश्यं जास्त आवडतात. वडील गेलेत, आईची बदली कोकणात झाली आहे, आणि चिन्मय बोलतच नाही. मित्र त्याला पावसात किल्ल्यावर एकटं टाकून जातात तिथे संवाद नाहीत, तरी कळायचं ते सगळं कळतं. त्या मित्रांतला बंड्या झालेल्या पार्थ भालेरावचा राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख झाला, तो रास्त. दुखणं एकच: आईच्या ऑफिसमधला गुंता घाईत उरकला आहे. अमृता सुभाष समोर असताना हे परवडत नाही.

‘कट्यार काळजात घुसली’ला तिसरा नंबर देताना हात थोडा अडखळतो. १९६७चं दारव्हेकरांचं नाटक, संगीत अभिषेकीबुवांचं, गोष्ट पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गायकांतल्या चढाओढीची, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. सिनेमात खाँसाहेबांचा गळा वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडेचा, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव याचा गळा अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे यांचा. ‘अरुणि किरणि’ या गाण्यासाठी काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शंकर महादेवन स्वतःच गाणारे असल्यामुळे पंडितजींच्या भूमिकेत त्यांचा श्वास, जबडा, हात सगळं सुरात असतं. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरांचं काम खरं कठीण, गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा. द्रुत, म्हणजे वेगवान, तानेत श्वास गाणाऱ्याने घेतला तिथेच चेहऱ्यानेही घ्यावा लागतो, नाहीतर लगेच खोटं दिसतं. बहुतेक ठिकाणी त्यांनी ते पेललंय. माझं भांडण संकलनाशी आहे. तान रंगात येते न येते तोच कॅमेरा श्रोत्यांच्या ‘वाहवा’कडे पळतो. अरे, आम्हाला कळतंय, गाऊ दे की त्यांना!

मग ‘डबल सीट’. चाळीतल्या खोलीत नव्या जोडप्याला रात्री कुजबुजायचीही चोरी, हा सगळा पेच मुळात आवाजाचाच, आणि समीर विद्वांसने तो हलक्या हाताने मांडला आहे. उत्तरार्ध मात्र गोड गोड होत जातो. ‘बायोस्कोप’मधल्या चार लघुपटांपैकी फक्त रवी जाधवचा कृष्णधवल ‘मित्रा’ माझ्या यादीत. उमेश कुलकर्णीचा ‘हायवे’ घाटातल्या वाहतूक कोंडीत छान अडकतो, तिथवर पोहोचायला फार पात्रं लागतात एवढंच.

‘लोकमान्य’ का नाही, हे विचारणार आहातच. ‘कट्यार’ दिग्दर्शित करणारा सुबोध भावे त्याच वर्षाच्या सुरुवातीला टिळक झाला होता, आणि आवाज काय लावलाय त्याने. पण वाक्य संपायच्या आत मागून वाद्यवृंद चढतो. मी आवाज कमी करतो, तर टिळकही कमी होतात.