टोमॅटोच्या घरच्या बियाण्याला 'अंतःप्रजनना'ची भीती घालणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या धाकट्या बहिणीने सहा वर्षं जपलेलं टोमॅटोचं बियाणं परवा कचऱ्यात टाकलं. कारण एक फॉरवर्ड. त्यात म्हटलंय: एकाच फुलातले पराग त्याच फुलाला लागणं म्हणजे अंतःप्रजनन, निसर्गाला ते मंजूर नाही, डार्विनने हे सिद्ध केलंय, अशा जाती नामशेष होतात, आणि म्हणून घरचं बी दरवर्षी कमजोर होतं, तिसऱ्या वर्षानंतर ते पेरूच नये. मला फोन आला तेव्हा बाटली रिकामी झाली होती. "ताई, डार्विनचं नाव होतं गं, म्हणून खरं वाटलं." मला राग तिचा आला नाही, मेसेज लिहिणाऱ्याचा आला.

आधी ते बियाण्याचंच घेते, कारण नुकसान तिथे झालंय.

टोमॅटोचं एक फूल हातात घ्या आणि मधला पिवळा शंकू नखाने अलगद उकला. परागकोश एकमेकांना चिकटून तो शंकू झालेला असतो आणि ते आतल्या बाजूने फुटतात. लागवडीच्या बहुतेक वाणांत कुक्षी, म्हणजे फुलाचा पराग झेलणारा भाग, त्या शंकूच्या आतच असते. वाऱ्याने फूल हललं की पराग थेट तिच्यावर. म्हणजे टोमॅटो हे असं पिढ्यान्‌पिढ्या करत आलाय. मेसेजवाल्याच्या हिशेबाने तो कधीच संपायला हवा होता. आता याचेच काही रानटी भाऊबंद बघा: त्यांची कुक्षी शंकूच्या बाहेर डोकावते आणि स्वतःचे पराग ते झाड ओळखून नाकारतं. एकाच कुळात दोन्ही रीती आहेत. निसर्गाने एकच रीत मंजूर केली, हे म्हणायला जागाच उरत नाही.

मग अंतःप्रजननाने नुकसान होतं कसं? झाडात काही घातक जनुकं दबून असतात. जोडीतलं दुसरं जनुक चांगलं असेल तर त्यांचा त्रास दिसत नाही. स्वपरागणात, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरताना, दर पिढीला अशा मिश्र जोड्या निम्म्या होतात: शंभराच्या पन्नास, पंचवीस, साडेबारा. दबलेलं उघडं पडतं, रोपं खुरटतात, बी कमी धरतं. हे खरं आहे. पण उघडी पडलेली ती खुरटी रोपं बीच देत नाहीत, त्यामुळे सर्वांत घातक जनुकं त्यांच्याबरोबर गळून जातात. टोमॅटो, गहू, भात, वाटाणा, हरभरा यांनी ही चाळणी फार पूर्वीच पार केलीय. त्यांच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणात मिश्र जोड्या जवळपास उरलेल्याच नसतात, मग तिसऱ्या वर्षी नवीन कमजोरी येणार कुठून? घरचं बी खराब होतं ते ओलीने, रोगाने, दुसऱ्या वाणाची भेसळ झाल्याने. संकरित टोमॅटोचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात, तेही खरं. पण ती संकराची फाटाफूट आहे, वाण कुजल्याची खूण नाही. बहिणीचं वाण सरळ होतं.

मक्याचं मात्र मान्य करते. तो परपरागणाचा, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागाने बी धरणारा. चार-दोन कणसांचंच बी धरत गेलात तर काही पिढ्यांत झाडं बुटकी होतात, कणसं लहान होतात. तिथे बरीच झाडं मिसळून बी धरावं लागतं. मेसेजमध्ये मका आणि टोमॅटो यांत फरकच केलेला नाही.

आता डार्विन. 1876 च्या पुस्तकात त्याने 11 वर्षांचे प्रयोग मांडले आणि बहुतेक वनस्पतींत परपरागणाची रोपं उंच निघाली, हे अगदी बरोबर. मॉर्निंग ग्लोरीच्या दहा पिढ्यांची सरासरी काढली तर परपरागणाच्या वेलीची उंची 100 धरल्यास स्वपरागणाचीची 77. मेसेजवाला इथेच थांबला. त्याच प्रयोगात, सहाव्या पिढीत, स्वपरागणाच्या एका वेलीने परपरागणाच्या जोडीदार वेलीला उंचीत मागे टाकलं. डार्विनने तिचं नाव 'हीरो' ठेवलं आणि तिचं बी पेरून पाहिलं. तिची संततीही इतर स्वपरागित वेलींपेक्षा जोमदार निघाली. ज्याच्या नावाने भीती घातली, त्यानेच हे लिहून ठेवलंय.

नामशेष होण्याचं अर्धं खरं आहे. टोमॅटो-वांग्याच्या कुळावर 2010 मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात एक अभ्यास आला. स्वतःचे पराग नाकारण्याची ताकद गमावलेल्या शाखा जास्त वेगाने नष्ट होतात, असं त्यात दिसलं. पण तो हिशेब लाखो वर्षांचा आहे, बाटलीतल्या बियांचा नाही. आणि ही ताकद वनस्पतींनी पुन्हा पुन्हा गमावलीय, कारण तात्पुरता फायदा मोठा असतो: कीटक नसले, आसपास दुसरं झाड नसलं, तरी बी धरतं. शिवाय 1941 मध्ये जनुकशास्त्रज्ञ फिशरने दाखवलं, की स्वपरागण करणारं झाड स्वतःच्या बीला आई आणि बाप दोन्ही बाजूंनी जनुकं देतं आणि शेजाऱ्याच्या फुलालाही पराग पुरवतं. दोनाऐवजी तीन वाटे. अंतःप्रजननाने संततीची क्षमता निम्म्याहून जास्त घसरली, तरच हा सौदा तोट्याचा ठरतो.

त्या बियांतले मूठभर दाणे बहिणीने गेल्या वर्षी शेजारणीला दिले होते. तिच्याकडे आज फळं लागलीत. पहिलं पिकलेलं फळ बियांसाठी मागून घ्यायला मी बहिणीला सांगितलंय.