'इंद्रायणी काठी' तुकोबांचं नाय हो!

आपल्या देवगडच्या ग्रुपवर परवा आषाढीला भीमसेनजींचं 'इंद्रायणी काठी' फिरलं, खाली लिवलेलं की तुकाराम महाराजांचा अभंग, प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' पिक्चरमधला. दोन्ही चूक. हे गाणं गदिमांचं आणि पिक्चर कुठला म्हायत्ये? १९५३ चा 'गुळाचा गणपती', चक्क विनोदी! कथा, डायरेक्शन, संगीत आणि हिरोसुद्धा पुलंच. नीट ऐका, 'तुका म्हणे' कुठंच नाय.

मी स्वतः म्हाताऱ्या आजोबांशी यावरून वाद घातलेला आणि हरलेलो (त्यांना गाणं येतं, मला फक्त यूट्यूब). मग एका पावसात लाइट गेलेली, पडवीत आम्ही दोघं मोबाइलवर पिक्चर बघत बसलो, आवाज कौलांवरच्या पावसात अर्धा गेला, तरी पुलंचा तो भोळा, स्वप्नं बघत फिरणारा नाऱ्या बघून आजोबा खोकेपर्यंत हसले. आणि त्याच पिक्चरात मधेच भीमसेनांचा आवाज येतो, तेव्हा एकदम गप्प. हसता हसता असं गप्प करणारे पिक्चर आता कुठे हो, आणि आपण तो विसरलो, गाणं तेवढं ठेवलं.

तर ग्रुपवरचं तेवढं डिलीट करा कोणीतरी, ॲडमिनभाऊ.