मिठाला जागणारी फरशी

खाल्ल्या मिठाला जागावं ही शिकवण आपल्याकडे माणसांना आणि राखणीच्या कुत्र्यांना देतात. अमेरिकेतल्या बर्फाळ मिनेसोटात ती गॅरेजच्या फरशीनेही मनावर घेतली आहे. नोव्हेंबर ते एप्रिल ती गुपचूप मीठ खाते आणि मे महिन्यात खाल्लेलं सगळं पापुद्र्या-पापुद्र्याने वर काढून दाखवते.

बर्फ वितळावा म्हणून मीठ रस्त्यावर टाकतं सरकार, घरी आणतो आपण. चाकांच्या वरच्या कमानीत करड्या बर्फाचे गोळे अडकून बसतात. गाडी आत आली की रात्रभर टप्‌ टप्‌ चालू. सकाळी गाडीखाली चार डबकी आणि प्रत्येकाला पांढरी किनार, सोलापुरी चादरीला असावी तशी. या पाण्याचा फरशीला दोन्ही बाजूंनी मार. बाहेरचा ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपर्यंत येणारा गाडीरस्ता, एकदा गोठला की बराच काळ गोठलेलाच राहतो. गॅरेजच्या नशिबी मात्र रोजचं मरण: संध्याकाळी गरम गाडी आली की वितळायचं, पहाटे परत गोठायचं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि काँक्रीटच्या छिद्रात बसलेलं पाणी फुगलं की वरचा पापुद्रा उचलतं. बाहेरच्या काँक्रीटमध्ये यासाठीच मुद्दाम ६ टक्क्यांच्या आसपास हवेचे बारीक बुडबुडे ठेवतात, बर्फाला हातपाय पसरायला जागा म्हणून. आतली फरशी घोटून गुळगुळीत करायची असते आणि घोटायच्या काँक्रीटमध्ये एवढी हवा चालत नाही. म्हणजे दिसायला जी जास्त देखणी, तीच जास्त नाजूक.

त्यात पारा उणे ९ अंश सेल्सियसच्या खाली गेला की साधं मीठ हात टेकतं. मग रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड येतं. कॅल्शियम क्लोराइडचं सिमेंटमधल्या चुन्याशी लगेच जुळतं. दोघांच्या संसारातून जो क्षार जन्मतो तो जागा जास्त घेतो आणि शून्याच्या वरच्या तापमानालाही काँक्रीट फोडतो. म्हणजे गॅरेजला हीटर बसवला म्हणून सुटका नाही.

तर यावर उपाय म्हणजे लेप. आजीला शेणाचा सडा आणि सारवण पुरायचं. इथे इपॉक्सीचं, म्हणजे दोन डब्यांतले द्रव मिसळले की कडक होणाऱ्या राळेचं सारवण. दुकानातल्या खोक्यावर पांढरी पँट घातलेला एक गृहस्थ हसत हसत रोलर फिरवत असतो. तो हसतो, कारण त्याची फरशी कुणीतरी आधीच घासून ठेवली आहे. माझ्या मते या सबंध कामात रंगकाम एका दुपारचं आणि घासकाम तीन दिवसांचं. लेप निघतो तो बहुतेक वेळा या तीन दिवसांत वाचवलेल्या वेळामुळे.

आधी गॅरेज रिकामं करायचं. सायकली, कुलर, तांदळाच्या वीस-वीस पौंडांच्या पिशव्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, हे सगळं ड्राइव्हवेवर मांडलं की तासाभरात शेजारी येऊन वस्तूंच्या किमती विचारतात. त्यांचा दोष नाही, गॅरेज सेल असाच दिसतो.

मग फरशीची नाडी बघायची. ४५ सेंटिमीटर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून फरशीवर चिकटवायचा आणि किमान १६ तास ठेवायचा. उचलल्यावर खाली घाम दिसला किंवा काँक्रीट काळवंडलं, तर जमिनीतली ओल वर येते आहे. जुन्या घरांत फरशीखाली प्लास्टिकचा अडसर घातलेला नसतो, तिथे हे हमखास. अशा फरशीवर थेट लेप दिला की खालची वाफ त्याला पुरीसारखी फुगवते, आणि पुरी फुगल्याचा आनंद फक्त ताटात. आधी ओल अडवणारा इपॉक्सी प्रायमर द्यावा लागतो.

दुसरी परीक्षा फुकटातली. फरशीवर पाण्याचे थेंब टाका. मिनिटाभरात मुरले तर ठीक. अळूच्या पानावरच्यासारखे टपोरे बसून राहिले, तर तिथे तेल तरी सांडलंय नाहीतर जुना सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, तरी आहे. फरशी खरखरीत करायला काहीजण ॲसिड वापरतात, पण अशा जागी ते ओतण्यात अर्थ नाही. ॲसिड सिमेंट खातं, तेल खात नाही. ते त्याच्या पथ्यात बसत नाही. आधी डीग्रीझर (तेल काढणारं द्रावण) आणि ताठ ब्रश, गरम पाणी, पुन्हा डीग्रीझर. ॲसिड वापरायचंच असेल तर पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. नंतर फरशी उदासीन होईपर्यंत, म्हणजे ॲसिडचा अंश जाईपर्यंत, धुवायची. धुतलेली फरशी प्यायलेलं पाणी परत द्यायला दोन-तीन दिवस घेते, त्यामुळे ॲसिडवाल्यांचा उतावळेपणा इथेच नडतो.

मला विचाराल तर ॲसिड सोडा आणि हिऱ्याच्या पात्याचा ग्राइंडर भाड्याने आणा. त्याला जोडून व्हॅक्यूम असलाच पाहिजे, कारण काँक्रीटची धूळ म्हणजे सिलिका आणि ती फुप्फुसात कायमची भाडेकरू होते. तोंडाला रुमाल बांधणं हा उपाय नाही. नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लागतो. फरशी हाताला मध्यम जाडीच्या पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली की थांबायचं. भेगा भरायच्या, वाळल्या की त्याही घासून सपाट करायच्या. काँक्रीटमध्ये मुद्दाम पाडलेल्या सरळ खाचा मात्र कडक मालाने बुजवू नयेत. काँक्रीट थंडीत आकसतं, उन्हाळ्यात पसरतं, आणि ती खाच म्हणजे त्याची श्वास घ्यायची जागा.

आता हिशेब. दोन गाड्यांचं २२ बाय २२ फुटांचं गॅरेज म्हणजे ४८४ चौरस फूट. पाण्यातल्या इपॉक्सीचा स्वस्त संच अडीच गॅलनमध्ये एवढी जागा रंगवतो खरा, पण त्यातलं पाणी उडून गेल्यावर थर उरतो झेरॉक्सच्या कागदापेक्षाही पातळ. शंभर टक्के घन, म्हणजे ज्यातलं काही उडून जात नाही अशा इपॉक्सीचा एक गॅलन १० मिलच्या, म्हणजे पाव मिलिमीटरच्या थराला १६० चौरस फूट पुरतो. तीन गॅलन लागतात, आणि घासलेली फरशी थोडं पितेच, म्हणून चार आणावेत.

हवा बघून मुहूर्त काढायचा. फरशी १० अंशांच्या वर हवी आणि दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवी. जूनच्या दमट सकाळी जमिनीला टेकलेलं थंड काँक्रीट फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं घामाघूम होतं. त्यावर लावलेला लेप घामावरच बसतो. भर दुपारीही नको. तापणारी फरशी आतली हवा बाहेर सोडते आणि लेपाला टाचणीएवढी भोकं पडतात. ऊन उतरताना, फरशी गार होऊ लागली की सुरू करायचं. त्याआधी गॅरेजमध्ये गॅसचा गीझर असेल तर त्याची ज्योत विझवायची.

डबा अ दोन भाग, डबा ब एक भाग (हे प्रमाण डब्यावर वाचून घ्यावं, वरणातल्या मिठासारखं अंदाजाने चालत नाही). ड्रिलला पंखा लावून मंद गतीने तीन मिनिटं ढवळायचं, कडा खरवडायच्या, दुसऱ्या बादलीत ओतून परत ढवळायचं. आणि मग ती बादली हातात धरून विचार करत उभं राहायचं नाही! बादलीत साठलेला इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापतो, तापला की भराभर घट्ट होतो, घट्ट होताना आणखी तापतो, आणि विसाव्या मिनिटाला बादलीतून धूर निघतो. फोडणी करपण्याआधी जी घाई असते तीच इथे. ढवळून झाल्याबरोबर सगळा माल फरशीवर लांब पट्ट्यांमध्ये ओतायचा. पसरल्यावर उष्णता निघून जाते आणि आपल्याला अर्धा तास मिळतो. दात्यांच्या रबरी फळीने ओढायचं, मागोमाग रोलर. सुरुवात आतल्या भिंतीकडून, शेवट दाराशी. हे उलट करणारे लोक रात्र वॉशिंग मशीनवर बसून काढतात.

पायात खिळ्यांच्या चपला घालून ओल्या लेपावर चालता येतं, आणि तसं चालतच सजावटीच्या रंगीत प्लास्टिकच्या पापड्या टाकायच्या. इथे आपली माणसं निसर्गतः तरबेज. फक्त अक्षता नवरा-नवरीच्या डोक्यावर नेम धरून मारतात तशा मारायच्या नाहीत. वर उडवायच्या आणि सावकाश खाली येऊ द्यायच्या. फरशी पूर्ण झाकायची असेल तर १८ किलोचे दोन खोके. दुसऱ्या दिवशी उभ्या राहिलेल्या पापड्या पत्र्याने खरवडून, झाडून, वरून पॉलिॲस्पार्टिक नावाच्या पारदर्शक लेपाचा थर. इपॉक्सी उन्हाने पिवळा पडतो, दाराजवळचा पट्टा तर जुन्या वर्तमानपत्रासारखा होतो. पॉलिॲस्पार्टिक पडत नाही. पण तो पंधरा-वीस मिनिटांतच आवळतो आणि हवा दमट असेल तर त्याहूनही लवकर. या थरात अल्युमिनियम ऑक्साइडची खर मिसळायला विसरू नये. नुसत्या चकचकीत लेपावर वितळलेला बर्फ म्हणजे घरातच स्केटिंग.

गाडी सात दिवस बाहेर. चौथ्या दिवशी आत घेतली की हायवेवरून तापून आलेला टायर थंड होताना आकसतो आणि कच्चा लेप ओढून आपल्यासोबत नेतो. पापुद्रा निघालाच तर फेकू नका, उलटा करून बघा. मागे करडी भुकटी चिकटलेली असेल तर काँक्रीटचा कमकुवत थर न घासता ठेवला होता. मागची बाजू स्वच्छ, चकचकीत असेल तर फरशी गुळगुळीत किंवा तेलकट होती. पांढरे क्षार असतील तर ओल. म्हणजे शवविच्छेदन फुकट. अंत्यविधी मात्र महाग, कारण सगळा लेप घासून पहिल्यापासून सुरुवात.

एवढा खटाटोप नको असेल त्यांनी सिलेनचा मुरणारा सीलर मारावा. तो आत शिरून खारं पाणी अडवतो, वाफ बाहेर जाऊ देतो, आणि वर थरच नसल्यामुळे सोलायला काही उरत नाही. त्याची एकच अडचण: पैसे खर्च केल्याचं पाहुण्यांना दिसत नाही.

लेप कितीही चांगला झाला तरी जानेवारीत डबकी साचतातच. रबरी फळीने ते खारं पाणी रोज दाराबाहेर लोटायचं असतं. बाहेर गेलेलं पाणी उंबऱ्याशी गोठतं, दाराची खालची रबरी पट्टी त्यात घट्ट धरली जाते, सकाळी साडेसातला मोटर नुसती कण्हते, दार उघडत नाही. मग आतून उकिडवं बसून त्या पट्टीच्या कडेने, नव्या कोऱ्या फरशीवर, मूठभर मीठ टाकावं लागतं.