लॅटेक्सची गादी घेताय? आधी खोळीची चेन उघडायला सांगा

बजेट कमी असेल तर गादीच्या जाडीत तडजोड करा, मालात करू नका. सहा इंच सिंथेटिक किंवा मिक्स लॅटेक्स घेण्यापेक्षा दोन इंच नॅचरल लॅटेक्स घ्या आणि घरातल्या घट्ट कापसाच्या गादीवर टाका. आईच्या कमरेसाठी उन्हाळा लागल्यापासून नागपुरातलं सीताबर्डी, गांधीबाग, सक्करदरा पालथं घातलं, त्यातून माझं हे मत पक्कं झालंय. पटलं नाही तर जरूर वाद घाला, पण आधी पूर्ण वाचा.

नॅचरल लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात तो मुख्यतः केरळात निघतो, रबर बोर्डाचं मुख्यालयही कोट्टायमलाच आहे. सिंथेटिक म्हणजे पेट्रोलियमपासून बनवलेलं स्टायरीन-ब्युटाडाईन रबर. बाजारात दोन्हींना लॅटेक्सच म्हणतात, आणि दोन्ही मिसळून केलेला मालही भरपूर आहे. त्यामुळे नुसतं ‘१०० टक्के लॅटेक्स’ लिहिलेलं पाहून काहीच कळत नाही. नॅचरल किती टक्के, हेच विचारायचं.

त्यातही शब्दशः शंभर टक्के झाडाचा चीक कुठल्याच गादीत नसतो. चिकाचा फेस करून साच्यात घट्ट करायचा तर गंधकासारखे पदार्थ लागतातच. म्हणून ‘गोल्स’ हे सेंद्रिय लॅटेक्सचं प्रमाणपत्रसुद्धा किमान ९५ टक्के सेंद्रिय कच्चा माल मागतं. ‘ओको-टेक्स’ची गोष्ट वेगळी. मालात अपायकारक रसायनं मर्यादेबाहेर आहेत का, एवढंच ते तपासतं. ते सिंथेटिकलाही मिळू शकतं, त्यामुळे तो शिक्का दाखवून कोणी नॅचरलचा भाव लावत असेल तर देऊ नका.

सिंथेटिक म्हणजे विष, असं मी अजिबात म्हणत नाही. ते स्वस्त पडतं, सगळीकडे एकसारखं निघतं आणि पाहुण्यांच्या खोलीत ते खुशाल टाका. पण त्यात नॅचरलइतकी लवचिकता नसते. रोज एकाच जागी एकाच माणसाचं वजन पडलं की ते लवकर बसतं. ज्याची कंबर दुखते त्याला नेमका तिथेच त्रास होतो. माझा राग सिंथेटिकवर नाही, ते नॅचरल म्हणून गळ्यात मारण्यावर आहे.

एका दुकानात मला ‘प्युअर लॅटेक्स’ म्हणून एक जाडजूड गादी दाखवली. मी म्हटलं, “भाऊ, जरा चेन उघडा ना.” तर म्हणे, “ताई, आतमध्ये काय पाहता, एकदम ओरिजिनल माल हाये.” आग्रह धरल्यावर उघडली. वरचा थर लॅटेक्सचा होता, त्याला साच्याच्या खिळ्यांची बारीक गोल भोकं ओळीने दिसत होती. त्याखाली रंगीबेरंगी तुकडे दाबून चिकटवलेला फोम! तोही जड असतो, म्हणून उचलून पाहिलं तरी फसायला होतं. अशी थरांची गादी वाईटच असते असं नाही, पण भाव त्या हिशोबाने पाहिजे ना!

वजनाचा अंदाज मात्र घ्या. सहा बाय पाच फुटांची, सहा इंची अख्खी लॅटेक्सची गादी साधारण तीस किलोच्या आसपास भरते. बरीच हलकी असेल तर प्रश्न विचारा. खडूसारखी भुकटी मिसळूनही वजन वाढवता येतं, म्हणून निव्वळ काट्यावर विसंबू नका. तळवा दाबून सोडा. लॅटेक्स लगेच वर येतं, हाताचा ठसा हळूहळू भरत असेल तर तो मेमरी फोम.

आणि मेमरी फोम नागपुरात मी तरी घेणार नाही. गरमीने तो मऊ पडतो आणि अंगाची उष्णता धरून ठेवतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा कोणाला पाहिजे ते? लॅटेक्समधून हवा बरी खेळते.

पण त्याचेही लाड आहेत. गच्चीवर गादीला ऊन दाखवायची आपली सवय इथे चालत नाही. उन्हाने रबर कडक होतं, तडकतं, शेवटी भुगा पडतो. कूलरची दमट हवा आणि खाली बंद पेटीचा दिवाण असेल तर गादी अधूनमधून उभी करून पंख्याखाली वारा द्या. घरात कोणाला रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

म्हणूनच मला दोन इंचांचा मार्ग पटतो. कापसाची गादी आपल्या विदर्भाला काही नवीन नाही. ती पुन्हा पिंजून, घट्ट भरून घेता येते, गच्चीवर नेता येते. वरचं लॅटेक्स हलकं राहतं, एकटीला उचलता येतं. खाली आधार, वर मऊपणा आणि खर्च सहा इंची नॅचरलपेक्षा खूपच कमी. फक्त खालची गादी खड्डे पडलेली नको, नाहीतर तेच खड्डे वर जाणवतात. आईसाठी आम्ही हेच केलं. पहाटे उठताना पलंगाची कड धरून बसायची, ते कमी झालंय.

घेताना पक्कं बिल मागा आणि त्यावर नॅचरल लॅटेक्सचे टक्के, थराची जाडी आणि घनता लिहून घ्या. गॅरंटी कशाची आहे तेही वाचा. किती इंच खोल खड्डा पडला तर बदलून देणार, हे कार्डावर बारीक अक्षरात असतं. लिहून द्यायला कोणी टाळाटाळ केली तर पुढच्या दुकानात जा. बिलावर एक आणि गादीत दुसरंच निघालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरही कारवाईची सोय आहे.

ज्यांच्या घरी नॅचरल लॅटेक्सने नागपूरचे पाच-सात उन्हाळे काढलेत त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा. किती बसलं, कड तुटली का, खाली लाकडी पट्ट्या होत्या की प्लाय? आणि महाल-सक्करदऱ्याकडे कापूस नीट पिंजून देणारा खात्रीचा गादीवाला माहीत असेल तर तेही सांगा, बाबांची गादी अजून व्हायची आहे.