आयगरच्या पोटातली गाडी

भांडण लागलं ते दिन्याच्या मोबाईलमधल्या एका फोटोवरून. फोटोत त्याची आई. साडीवर स्वेटर, स्वेटरवर दिन्याचं जाकीट, पाठीमागे नुसता बर्फ आणि पाटी: युंगफ्राउयोख, ३४५४ मीटर. स्वित्झर्लंडच्या आल्प्समधली खिंड, आगगाडी थेट वर जाते.

"कळसूबाई १६४६. म्हणजे दुपटीच्या वर चढवून आणली म्हातारीला," दिन्या म्हणाला.

"चढवून? आगगाडीत बसवून!" बाळ्या उसळला. रायगडाला १९९६ साली रोपवे झाला, पण हा गडी अजून त्यात बसलेला नाही. "डोंगर पोखरायचा, वर हॉटेल काढायचं, दोनशे फ्रँकच्या वर तिकीट लावायचं आणि पर्यटकांनी सांगायचं, आम्ही आल्प्स पाहिले."

"गुडघे गेलेत तिचे. तू पाठुंगळीला मारून नेणार होतास?"

यावर बाळ्याकडे उत्तर नव्हतं, पण म्हणून गप्प बसेल तो बाळ्या कसला. मध्ये अप्पांनी तोंड घातलं. अप्पा रेल्वेतून निवृत्त, त्यांना आईच्या गुडघ्यांपेक्षा रुळांची चिंता. "चढ केवढा रे?"

"जिथं जास्त आहे तिथं चारास एक. चार मीटर पुढं, एक मीटर वर."

अप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आपला बोरघाट सदतिसास एक! मग चाकं घसरू नयेत म्हणून मध्ये दात्यांचा रूळ असणार."

होता. १८९६ साली काम काढलं, १९१२ साली गाडी वर पोचली. सात किलोमीटरचा बोगदा, आधी आयगर आणि मग म्योंख या डोंगरांच्या पोटातून. खणणारे बहुतेक इटालियन मजूर. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली तो गुयर-झेलर १८९९ सालीच गेला. गाडी पहिल्यापासून विजेवर, आणि आता तर उतरणारी गाडी उलट वीज परत देते. हे ऐकून अप्पा इतके खूश झाले की भांडण तिथंच मिटलं असतं.

पण आयगरचं नाव निघालं होतं ना. बाळ्याचा आवाज बदलला. "त्या डोंगराची उत्तरेची भिंत माहितीय? १९३६ साली चौघं गिर्यारोहक अडकले तिच्यावर. तिघं गेले. टोनी कुर्त्स एकटा दोरावर लटकत राहिला, रात्रभर, एक हात गोठलेला. सकाळी वाचवणारे खाली काही फुटांवर येऊन उभे. दोर कमी पडला म्हणून दोन दोर जोडले, तर ती गाठ त्याच्या कडीतून पुढं सरकेना. त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. अशा डोंगरात तुम्ही खुर्चीत बसून जाता."

सगळे गप्प. मला वाटलं, जिंकला बाळ्या.

"आणि ते वाचवणारे आले कुठून?" दिन्यानं हळूच विचारलं.

बाळ्यानं ग्लासात बघितलं. त्याला माहीत होतं.

"बोगद्यातून," दिन्याच म्हणाला. "भिंतीत रेल्वेचं एक दार आहे. आदल्या दिवशी रेल्वेच्या गस्तवाल्यानं ते उघडून हाक मारली, वरून चौघांनी ओ दिली. उतरतायत म्हणून त्यानं चहाचं आधण ठेवलं आत. गाडी नसती तर तिथवर पोचलं तरी कोण असतं?"

चहाचं ऐकून टपरीवाल्यानंसुद्धा मान वर केली.

एक मात्र बाळ्याचं मला पटतं. वर गर्दी फार. भारतीय जेवणाचं हॉटेलही आहे, आणि दिन्यानं स्वतःच कबूल केलं की पहिला अर्धा तास बर्फाऐवजी पनीरच्या रांगेत गेला. आईला जिन्यावर धाप लागली, तिला वरचं फारसं आवडलंच नाही. आवडलं ते आधीचं, आइसमेर. ३१६० मीटरवर बोगद्यातच स्टेशन, गाडी पाच मिनिटं थांबते, काचेपलीकडे चिरफाळलेली हिमनदी. तिथून ती हलायलाच तयार नव्हती, गाडी सुटायची वेळ आली तरी.

"व्हिडिओ आहे का?" बाळ्यानं विचारलं.

होता. त्यात निम्मा वेळ आईचा अंबाडा आणि काचेतलं दिन्याचं प्रतिबिंब. बाळ्यानं मोबाईल हातात घेऊन दोन बोटांनी मोठं करून बघितलं.

"यात भिंत कुठाय?"

"ती बाजू नाही ही. भिंतीतल्या खिडकीपाशी पूर्वी थांबायची गाडी, २०१६ पर्यंत. आता तशीच पुढं जाते."

"हां? का?" बाळ्या चिडला. "तिथं तर थांबायलाच पाहिजे गाडी!"