‘सापांचे फोटो काढणं म्हणजे विकतचं मरण’ म्हणे! त्या फॉरवर्डचा समाचार

रात्री टॉर्च घेऊन साप शोधत फिरणारे आणि त्यांचे फोटो काढणारे लोक विकतचं मरण घेतात, असा एक लांबलचक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात सहा मुद्दे आहेत आणि शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही, म्हणून हे लिहितोय. गंमत म्हणजे जिथे खरंच जीव जाऊ शकतो तिथे हा मेसेज उलटाच सल्ला देतो.

१) ‘माणूस दिसला की साप मागे लागतो.’

कशाला लागेल? आपण काय त्याच्या तोंडात मावणार आहोत का! आपल्या पावलांची कंपनं त्याला जमिनीतून कळतात आणि बहुतेकदा आपल्याला दिसायच्या आधीच तो सटकलेला असतो. या छंदातलं खरं रडगाणं साप सापडत नाही हे आहे, मागे लागतो हे नाही. आफ्रिकेतल्या विषारी ब्लॅक मांबासारखा वेगवान सापसुद्धा थोड्याच अंतरापुरता ताशी १६ किमीच्या आसपास पळतो, बाकीचे त्याहून बरेच हळू. कधी तो आपल्याच दिशेने येतोय असं वाटतं, तेव्हा त्याचं बीळ किंवा झुडूप आपल्या मागे आहे का ते बघा आणि बाजूला व्हा, विषय संपला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला साधारण ५४ लाख सर्पदंश होतात आणि ८१ हजार ते १ लाख ३८ हजार लोक त्यात जातात, पण त्यात मोठा वाटा शेतात राबणाऱ्या गरीब लोकांचा आहे, कॅमेरावाल्यांचा नाही.

२) ‘विषारी साप त्रिकोणी डोक्यावरून ओळखता येतो, एवढं कळलं की बाकीचे बिनधास्त उचला.’

हा मुद्दा वाचून मी कपाळावर हात मारला. नाग, मण्यार, मांबा, कुणाचंच डोकं घोणसीसारखं त्रिकोणी नसतं. उलट बिनविषारी अजगराचं डोकं चांगलं रुंद असतं, आणि घाबरले की डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवणारे निरुपद्रवी सापही भरपूर आहेत. विषारी मण्यार आणि तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या शेजारी शेजारी ठेवून बघा. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे बहुतेकदा डोक्यापासून थोडं मागे सुरू होतात, जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक दिसतात, शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. आता हे सगळं रात्री, टॉर्चच्या उजेडात, पळणाऱ्या सापावर बघून दोन सेकंदांत ठरवायचं आणि हात घालायचा?

जो स्लोविन्स्की हे मण्यारीच्या कुळातल्या सापांवर काम करणारे नावाजलेले संशोधक. २००१ मध्ये म्यानमारच्या मोहिमेत, आतला साप मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी आहे या समजुतीत त्यांनी पिशवीत हात घातला. ती मण्यारच निघाली आणि ते वाचले नाहीत.

३) ‘हातात घेतल्याशिवाय चांगला फोटो येत नाही.’

हेच ते खरं विकतचं मरण, आणि मेसेज लिहिणाऱ्याने ते टिप म्हणून दिलंय. कार्ल श्मिट, शिकागोच्या फील्ड म्युझियमचे मोठे सर्पतज्ज्ञ, यांनी १९५७ मध्ये ओळख पटवायला आलेला बूमस्लँग या आफ्रिकेतल्या विषारी जातीचा तरुण साप हातात धरला, तो अंगठ्याला चावला, याने काय होणार म्हणून उपचार घेतले नाहीत, लक्षणं मात्र लिहून ठेवत राहिले आणि दुसऱ्या दिवशी गेले. स्लोविन्स्की आणि श्मिट, दोन्ही माणसं साप कोळून प्यायलेली, आणि दोघांच्याही बाबतीत घात हातानेच केला.

फोटोचं म्हणाल तर साप साधारणपणे स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो, म्हणजे पूर्ण लांबीएवढं अंतर ठेवलं तरी बरीच मोकळीक मिळते आणि विषारी असेल तर आणखी मागे सरका ना. लोक चुकतात ते लेन्समध्ये. १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, पूर्ण जवळ नेली की फोकस सेन्सरपासून ३० सेमीवर असतो, त्यातून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा करा, काचेपुढे वीतभरही जागा उरत नाही. तिथे लांबून फोटो काढता येणारी ३०० मिमीची टेली लावायची, जमिनीलगत व्हायचं आणि वाट बघायची. हातात पिळवटलेल्या सापाचा फोटो मला तरी कधी चांगला वाटलेला नाही, सापाचं वागणंच त्यात दिसत नाही.

४) ‘फ्लॅशने साप आंधळा होतो.’

याला आधार काय ते मेसेजमध्ये नाही. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, त्यामुळे तो डोळे मिटून घेऊ शकत नाही हे खरं. म्हणून फ्लॅशचा उजेड सौम्य करणारा डिफ्यूझर लावा, चार फोटोंत आटपा, टॉर्च तोंडावर रोखून धरू नका.

५) ‘या फोटोंचा कुणाला काडीचा उपयोग नाही.’

२०२० मध्ये हिमाचलमधल्या चंबा भागातल्या एका विद्यार्थ्याने घराजवळ दिसलेल्या सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. तो बघून संशोधकांचं कुतूहल जागं झालं, आणि २०२१ मध्ये ओलिगोडॉन चुराहेन्सिस ही नवीन प्रजाती जाहीर झाली. बस.

६) ‘निदान फोटोसोबत नेमकी जागा तरी टाका, लोक सावध होतील.’

लोक सावध होतील न होतील, तस्कर मात्र तिथे नक्की पोचतील. १९९९ मध्ये दक्षिण चीनमधून गोनियुरोसॉरस लुई ही पाल शास्त्रज्ञांनी जाहीर केली, जागेचा पत्ता शोधनिबंधात होता, आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणाऱ्यांनी ती जागाच रिकामी केली. दुर्मिळ सापांना हाच नियम लागू. प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायचं आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप धूसर करतं, पण तुमच्या इतर पोस्टचं तसं नाही. मोबाइलच्या फोटोत जीपीएस गुपचूप बसलेलं असू शकतं, मूळ फाईल कुणाला पाठवायच्या आधी ते काढून टाका, आणि ‘कुठे दिसला रे?’ असं कमेंटमध्ये कुणी विचारलं तर जिल्ह्याच्या पुढे काही सांगू नका.