‘ही तर सीतेची वेणी!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दाजीपूरच्या लेखातल्या ऑर्किडला मी एरिडिस मॅक्युलोसा म्हटलं, ते तुम्हाला पटलेलं नाही. पाकळ्यांवर जांभळे ठिपके दिसतायत, तेव्हा ही सरळसरळ सीतेची वेणी, म्हणजे रिंकोस्टायलिस रेटुसा, आणि मोबाइलवरच्या ॲपनेही तेच सांगितलं, असं तुमचं म्हणणं. झाड नेमकं कुठं आहे ते न सांगता मी माहिती दाबून ठेवतो, असा जाता जाता एक चिमटाही आहे. पहिल्या मुद्द्यावर जरा जास्त बोलतो, कारण मे-जून आला की हा घोळ ठरलेला.

ठिपके दोघींनाही असतात. ओठ, म्हणजे ती पुढं आलेली वेगळी पाकळी, दोघींचीही जांभळट-गुलाबी. फुलायचा हंगाम जवळपास एकच आणि बिऱ्हाडही एकाच प्रकारच्या झाडांवर. त्यामुळं रंगावरून निवाडा केला की फसगत होणारच.

तुरा बघा. सीतेच्या वेणीचा तुरा सरळ खाली लोंबतो, त्याला फाटे फुटत नाहीत आणि फुलं इतकी गच्च की मधला दांडा दिसत नाही. एकेका तुऱ्यात शंभरावर फुलं असू शकतात. माझ्या फोटोतल्या तुऱ्याला बुडाशी फाटे आहेत, फुलं विरळ आहेत आणि दांडा उघडा दिसतो. पण एवढ्यावर मीही नाव लावलं नसतं, कारण मॅक्युलोसाचा तुरा कधीकधी बिनफाट्याचाही असतो.

खरा निकाल लागतो तो फूल कडेनं बघितल्यावर. रिंकोस्टायलिसचा ओठ अखंड असतो, बुडाशी निमुळता, पुढं रुंद. त्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी पिशवी असते आणि तिचा रोख मागं. एरिडिसचा ओठ तीन भागांचा. मॅक्युलोसात मधला भाग मोठा, सपाट, अंडाकृती. कडेचे दोन कानाच्या पाळीसारखे, पण इतके बारके की भिंग लावल्याशिवाय आहेत हेही कळत नाही. आणि मागचा स्पर, म्हणजे फुलाच्या मागची ती पोकळ, निमुळती नळी, पुढच्या बाजूला, ओठाखाली वळलेला. लेखातला तिसरा फोटो मी मुद्दाम कडेनं काढलाय. तो मोठा करून बघा, स्परचा रोख कुठं आहे ते दिसेल. पानांचं थोडक्यात: वेणीची पानं जाड, पन्हळीसारखी खोलगट, त्यांवर फिकट उभे पट्टे. फोटोत ते नाहीत.

खरं तर शंकाच घ्यायची होती तर एरिडिस क्रिस्पाची घ्यायला हवी होती. ती सख्खी बहीण, आपल्याच घाटात भेटणारी. तिची फुलं मोठी, पाकळ्या आतून पांढरट, बाहेरून गुलाबी, आणि ओठाच्या मधल्या भागाची कड झालरीसारखी कातरलेली. माझ्या फोटोत ती कड साधी आहे. या दोघी वेगळ्या आहेत हे काही काल ठरलेलं नाही. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडलीनं क्रिस्पाचं वर्णन १८३३ मध्ये केलं आणि मॅक्युलोसाचं १८४५ मध्ये. वेणीचं नाव तर वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथात आहे, तेव्हा ती एपिडेंड्रम वंशात होती.

ॲपचं म्हणाल, तर मीही ते वापरतो. पण समोरून काढलेल्या फोटोत स्पर दिसतच नाही, मग ॲप तरी काय करणार? त्यात वेणी श्रीलंकेपासून फिलिपिन्सपर्यंत पसरलेली, शिवाय आसामचं राज्यफूल, म्हणजे तिचे फोटो ढिगानं. मॅक्युलोसा फक्त भारतातली. ॲपचा कल वेणीकडं झुकत असावा तो यामुळंच, असा माझा आपला अंदाज.

आता जागेचं. ती मी सांगणार नाही, आणि त्याबद्दल मला अजिबात संकोच नाही. फुलांनी लगडलेली फांदी दिसली की कोयता घेऊन चढणारे लोक आहेत. रोप तारेनं बाल्कनीत टांगलं जातं, पावसाळाभर तग धरतं आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळून जातं. बी धुळीइतकं बारीक, त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नाहीच. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. म्हणजे ओरबाडलेल्या रोपाची जागा भरून यायला किती काळ जाईल, विचार करा. दाजीपूर ज्यात येतं त्या राधानगरी अभयारण्यात तर हा गुन्हाच आहे. तालुका सांगितलाय, तेवढं पुरे.

तुमच्या शेताच्या बांधावरच्या आंब्यावरही ‘हेच’ फुलतं असं तुम्ही लिहिलंय. ती वेणीच असेलही. तीन फोटो पाठवा: अख्खा तुरा, एक फूल कडेनं आणि पानाचं टोक. फूल तोडू नका, खाली पडलेलं चालेल.